अचूक की टिकाऊ? आधी दहा गोळ्या झाडा

टेक्सासमध्ये आमच्या नेमबाजीच्या रेंजवर नवखा आला की ठरलेला प्रश्न: "सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायचीय. एआर-15 घेऊ की एके? अचूक कुठली, टिकाऊ कुठली?" मग शेजारून कुणीतरी हमखास म्हणतं, "एके चिखलात पुरली तरी चालते." ऐकून कान किटलेत. अहो, पुरणार कोण आहे? शनिवारी तासभर रेंजवर तर जायचंय.

पहिलं, काम ठरवा: कागदी लक्ष्य, रानडुक्कर की स्पर्धा.

दुसरं, आपल्या राज्याचा कायदा वाचा. इथे दुकानात सहज मिळणारी रायफल कॅलिफोर्नियात बेकायदा ठरू शकते.

तिसरं, नळी. खरी देवघेव इथे होते: एक मिळवायचं तर दुसरं थोडं सोडावं लागतं. आतून क्रोमचा मुलामा दिलेली नळी गंज आणि उष्णता जास्त सोसते. पण मुलामा सगळीकडे सारखा बसत नाही, त्यामुळे अचूकता किंचित कमी होते. चांगली स्टेनलेस नळी जास्त नेमकी, मात्र भराभर गोळ्या झाडल्या की लवकर झिजते. क्रोमला नावं ठेवणाऱ्यांनी व्हिएतनाम आठवावं. सुरुवातीच्या एम-16 च्या, म्हणजे एआर-15 च्या लष्करी भावंडाच्या, चेंबरला (नळीत काडतूस बसतं ती जागा) क्रोम नव्हतं, काडतुसातली दारूही बदललेली; दमट हवेत चेंबर गंजायचे आणि रिकामी काडतुसं आत अडकायची. पुढे क्रोम आलंच.

चौथी पायरी अचूकता मोजण्याची, आणि इथेच मी तोंडावर आपटलो. माझ्या पहिल्या एआरने शंभर यार्डांवर तीन गोळ्या पाऊण इंचात बसवल्या. तो कागद मी पाकिटात घालून मिरवला. पुढच्या आठवड्यात तीच रायफल, तोच टेबल, तीन गोळ्या दोन इंचांत. रायफल बिघडली म्हणून ती मातीमोल भावात विकून टाकली. बिघडलं काहीच नव्हतं. पहिल्या तीन गोळ्या नशिबाने जवळ पडल्या होत्या, एवढंच.

तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा झुपका, खोटं बोलतो. तीच रायफल दहा गोळ्या झाडा, ग्रुप सरासरी दीडपट तरी मोठा येतो. म्हणून जाहिरातीतला '1 एमओए', म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एक इंच, किती गोळ्यांचा आहे हे सांगितलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्या. घ्यायची तशीच रायफल मित्राकडून किंवा रेंजवर भाड्याने मिळवा. पुढे रोज वापरणार तीच गोळी घ्या. स्वस्त 55 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) वापरणार असाल तर 77 ग्रेनच्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, गोळीने चाचणी करण्यात अर्थ नाही. पुढे-मागे वाळूच्या पिशव्या लावा, सावकाश चाप ओढा, नळी तापू लागली की थांबा. 'ही माझ्यामुळे हुकली' म्हणून एकही भोक वगळायचं नाही. मी वगळायचो. असे दहाचे दोन कागद झाले की तेवढ्यावरच बोला.

स्वस्त गोळीने बहुतेक एआर दोन-तीन इंचांत येतात, मग नळी महाग असो वा साधी. शंभर यार्डांवरच्या डुकराला तेवढं पुरतं. म्हणून माझं मत ठाम आहे: स्पर्धेत उतरणार नसाल तर क्रोमची नळी घ्या आणि उरलेले पैसे गोळ्यांवर घाला. महिन्याला दोनशे झाडल्या तरी वर्षाच्या 2,400 होतात. क्रोमची चांगली नळी 10,000 च्या पुढेही सहज जाते.

त्याआधी झिजतात ते बारके भाग. वापरलेली एआर घेताना बोल्ट कॅरियर (रायफलीच्या आत मागेपुढे सरकणारा भाग) बाहेर काढा, त्याच्या टोकाचा बोल्ट पुढे ओढा आणि त्याच्या तोंडावर अख्खा कॅरियर टेबलावर उभा करा. स्वतःच्या वजनाने खाली बसला तर गॅस रिंगा, म्हणजे बोल्टवरची गॅस अडवणारी बारीक कडी, झिजल्या. त्या काही डॉलरांत मिळतात. तेवढ्यावरून सौदा मोडू नका, पण किंमत जरूर पाडून मागा.