तीन वर्षांचा अर्ज टाकण्याआधी नवऱ्याच्या सर्टिफिकेटवरची तारीख बघा

नवरा अमेरिकन नागरिक असेल तर बायकोला ग्रीन कार्ड मिळाल्यावर पाच नाही, तीनच वर्षांत नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, हे सोलापुरात आता घरोघरी माहीत झालंय. जुळे सोलापुरातल्या कुठल्याही हळदी-कुंकवाला जा, कुणाची तरी मुलगी नाहीतर सून तिकडे असते आणि कुणीतरी ही तीन वर्षं मोजत असतं. पण तीन वर्षं नक्की कशाची मोजायची, तिथे घोळ होतो. माझा पहिला अर्ज त्याच घोळात नामंजूर झाला. म्हणून तयारीची यादी लिहिते. फॉर्म भरणं, फोटो, सही असल्या गोष्टी त्यात नाहीत, त्या तुम्ही कराल.

सगळ्यात आधी तीन तारखा कागदावर लिहून काढा. पहिली तुमच्या ग्रीन कार्डवरची, म्हणजे कार्डावर ‘रेसिडेंट सिन्स’समोर छापलेली. अमेरिकेत विमानातून उतरलात तो दिवस दर वेळी तोच असतो असं नाही, तेव्हा कार्ड हातात घेऊन वाचा. दुसरी तारीख नवऱ्याबरोबर एका घरात राहायला लागलात त्या दिवसाची. इथेही लग्नाची तारीख टाकू नका. लग्न सोलापुरात डिसेंबरात झालं, नवरा रजा संपवून परत गेला आणि तुम्ही व्हिसाची वाट बघत दीड वर्षं सासरी राहिलात, तर ते दीड वर्ष धरून चालू नका. तिसरी तारीख नवरा नागरिक झाला त्या दिवसाची. या तिन्हींपैकी जी सगळ्यात उशिराची असेल, तिथून तीन वर्षं मोजायची.

तिसरी तारीख पुन्हा सांगते, कारण सगळे तीच विसरतात. नवरा आज नागरिक आहे एवढ्याने भागत नाही. अर्जाच्या दिवसाआधीची सलग तीन वर्षं तो नागरिक असायला हवा. आपल्याकडच्या बहुतेक मुलांचा प्रवास नोकरीचा व्हिसा, मग ग्रीन कार्ड, मग नागरिकत्व असा होतो, आणि लग्न यातल्या कुठल्या तरी टप्प्यावर होतं. त्यामुळे बायकोच्या ग्रीन कार्डनंतर नवरा नागरिक झाला, असं आपल्या घरांत सर्रास घडतं. नवरा जन्मानेच अमेरिकन असेल तर ही काळजी तुम्हाला नाही. बाकी सगळ्यांना आहे.

उदाहरण घ्या. लग्न डिसेंबर 2018 मध्ये. बायकोचं ग्रीन कार्ड 10 मे 2021 चं, आणि त्याच दिवसापासून दोघं एकत्र. नवऱ्याने नागरिकत्वाची शपथ घेतली 12 ऑक्टोबर 2022 ला. घरचे सगळे म्हणणार, मे 2024 मध्ये तीन वर्षं झाली, टाका अर्ज. टाकलात तर नामंजूर होईल आणि फी परत मिळणार नाही. तीन वर्षांच्या नियमाखाली तिचा अर्ज 12 ऑक्टोबर 2025 च्या आधी बसतच नाही. आता तिचा स्वतःचा पाच वर्षांचा हिशोब बघा. त्या नियमात नवऱ्याचा काही संबंध नसतो. पाच वर्षं पूर्ण होतात 10 मे 2026 ला, आणि 90 दिवस आधी अर्ज करायची मुभा धरली तर 9 फेब्रुवारी 2026 पासून अर्ज करता येतो. म्हणजे फरक उरला जेमतेम चार महिन्यांचा. चार महिने थांबून पाच वर्षांच्या नियमाखाली गेलं तर एकत्र राहिल्याचे पुरावे, नवऱ्याचे कागद, सगळ्यांतून सुटका होते. मी तरी थांबले असते. आणि नवरा-बायकोला ग्रीन कार्ड एकाच वेळी मिळालं असेल तर दोघांचीही पाच वर्षं एकाच दिवशी भरतात. तिथे नवरा नागरिक झाल्यावर आणखी तीन वर्षं बसून राहणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. तरीही बसून राहणारी माणसं मी पाहिली आहेत.

90 दिवसांच्या मुभेवरूनही फसू नका. ती फक्त ग्रीन कार्डच्या घड्याळाला आहे. नवऱ्याच्या नागरिकत्वाची तीन वर्षं आणि एकत्र राहण्याची तीन वर्षं अर्ज टाकायच्या दिवशी पुरी भरलेली हवीत. एक दिवस कमी नको.

ही तारीख कुठे बघायची? नवऱ्याच्या नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर, म्हणजे शपथेनंतर मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या दाखल्यावर. त्याच्या अमेरिकन पासपोर्टवर नाही, पासपोर्ट नंतर निघतो आणि त्यावर तो काढल्याची तारीख असते. नवऱ्याला विचारू पण नका, तो ‘बावीसच्या दिवाळीच्या सुमारास’ असं काहीतरी सांगेल. सर्टिफिकेट काढायला लावा, तारीख स्वतः वाचा, लिहून ठेवा. त्याची प्रत अर्जाला जोडावी लागतेच, म्हणजे शोधाशोध आजच होऊन जाऊ दे.

आता प्रवास. तीन वर्षांपैकी किमान 18 महिने तुम्ही प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हव्यात, आणि अर्ज करता त्या राज्यात आधीचे तीन महिने राहिलेल्या हव्यात. एवढं बहुतेकींचं जमतं. अडचण होते एकाच लांब मुक्कामाने. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर तुमचा अमेरिकेतला सलग वास तुटला असं धरलं जातं, आणि तो तुटला नव्हता हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं. वर्षभर किंवा जास्त राहिलात तर तो तुटतोच. री-एंट्री परमिट, म्हणजे लांब मुक्कामानंतर परत येण्याचा परवाना, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याने ग्रीन कार्ड सांभाळलं जातं, नागरिकत्वाची सलगता सांभाळली जात नाही. आपलं कसं होतं, दिवाळीला माहेरी यायचं, मग आई म्हणते जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा आहे, नंदीध्वज बघून जा, मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न. सहा महिने कधी उलटले कळत नाही. परतीचं तिकीट आधी काढा, आणि सहाव्या महिन्याच्या पुरेसं अलीकडचं काढा.

अर्जात प्रत्येक प्रवासाची जाण्या-येण्याची तारीख विचारतात. ती पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून काढायची, आठवणीवरून नाही. मधल्या काळात पासपोर्ट नवा केला असेल तर जुना शोधा. तो हमखास सोलापुरात असतो, माहेरच्या लोखंडी कपाटात, विम्याच्या पावत्या आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याखाली, वर रबरबँड. भावाला सांगून प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो मागवा, कोऱ्या पानांसकट, कारण पुसट शिक्का फोटोत कोऱ्या पानासारखा दिसतो आणि भाऊ ते पान सोडून देतो.

सोलापूरचे कागद. विवाह नोंदणीचा दाखला महापालिकेचा किंवा लग्न गावाकडे झालं असेल तर ग्रामपंचायतीचा, शिक्क्याचा. पत्रिका आणि मंगल कार्यालयाची पावती चालत नाही. कुठलाही कागद मराठीत असेल तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, आणि भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं लिहून सही केलेली हवी. नोटरीची गरज नाही, कुणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका. दोघांपैकी कुणाचंही आधी लग्न झालेलं असेल तर त्याच्या घटस्फोटाचा हुकूम किंवा मृत्यूचा दाखला जोडा. घरात तो विषय काढायचा नाही असं ठरलेलं असलं तरी अर्जात तो लपवता येत नाही. लपवलेलं मुलाखतीत बाहेर आलं तर ते खोटं बोलणं ठरतं, आणि त्याची किंमत नामंजुरीपेक्षा मोठी असते.

नावाचं बघा. आपल्याकडे मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं आणि नंतर नवऱ्याचं. काहींचं पहिलं नावही बदलतं. शिवाय इथल्या तेलुगू घरांतली आडनावं इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. ग्रीन कार्ड, पासपोर्ट, दाखला यांवर जेवढी रूपं असतील तेवढी सगळी ‘याआधी वापरलेली नावं’ या रकान्यात भरा. राजपत्रात नाव बदललं असेल तर ती प्रतही ठेवा.

एकत्र राहिल्याचे पुरावे म्हणजे दोघांच्या नावचा भाडेकरार किंवा घरकर्ज, जोड बँक खातं, विमा, मुलांचे जन्मदाखले. खातं जोड असून उपयोग नाही, त्यात दोघांचा व्यवहार दिसायला हवा. तीन वर्षांच्या टॅक्सच्या ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे भरलेल्या विवरणपत्रांचे टॅक्स खात्याकडून मिळणारे उतारे, काढा. टॅक्स वेगवेगळा भरला असेल तर का भरला याचं उत्तर तयार ठेवा. लग्नाच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळालं आणि तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं सशर्त मिळतं. तो काळ तीन वर्षांत धरला जातो, पण अटी काढून घेण्याचा वेगळा अर्ज कार्ड संपण्याआधीच्या 90 दिवसांत गेलेला हवा.

फी ऑनलाइन 710 डॉलर, कागदावर 760, एप्रिल 2024 पासूनचा हा दर. भरण्याआधी चालू दर एकदा बघा. आणि पैसे भरायचं बटण दाबण्याआधी नवऱ्याच्या सर्टिफिकेटवरची तारीख परत एकदा वाचा. तीन वर्षं भरली? अर्जाच्या दिवशी भरली? मग दाबा.

मुलाखत. 20 ऑक्टोबर 2025 पासूनच्या अर्जांना अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार यांवरची नवी परीक्षा आहे, 128 प्रश्नांतून 20 विचारतात, 12 बरोबर यावे लागतात. इंग्रजी वाचणं, लिहिणं जुजबी. मूळ कागद सगळे न्या.

शपथ होईपर्यंत तुम्ही नागरिक नाही. मतदार नोंदणीचा फॉर्म कुणी पुढे केला तरी सही नको. शपथेआधी घटस्फोट झाला किंवा नवरा वारला तर तीन वर्षांचा नियम लागू राहत नाही.

शपथेनंतर भारताचं नागरिकत्व 1955 च्या कायद्याच्या कलम 9 प्रमाणे आपोआप संपतं. भारतीय पासपोर्टवर पुढे एकही प्रवास नाही. आधी अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड, याच क्रमाने. ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने आलेली ठेवता येते, तेव्हा मोहोळ-बार्शीकडे वडिलांची जमीन असेल तर सातबाऱ्याचं त्यांच्याशी आत्ताच बोलून घ्या. सोलापूरच्या मतदार यादीतून नाव कमी करायला सांगा, बँकेला कळवा. ओसीआय किंवा व्हिसा हातात येईपर्यंत माहेरचं तिकीट काढू नका.