युरिक अ‍ॅसिड जास्त आणि लिव्हर फॅटी? मग या चुका टाळा

रात्री पायाचा अंगठा असा सुजतो की चादरीचा स्पर्शही सोसत नाही. रक्त तपासलं तर युरिक अ‍ॅसिड आठच्या वर. आणि कपाटात वर्षभर पडून असलेल्या सोनोग्राफीवर 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' असा शेरा. पहिली चूक इथेच होते. अंगठा हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, तो कागद कपाटातच राहतो. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आहे ना, मग लिव्हर ठीक, असंही नसतं.

दोन्हींचं मूळ बरंचसं एकच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की लिव्हरमध्ये चरबी साठते आणि मूत्रपिंडं युरिक अ‍ॅसिड कमी बाहेर टाकतात.

तरी घरोघरी पहिली कुऱ्हाड पडते ती वरणावर! तूरडाळ, पालक, टोमॅटो बंद. उसाचा रस मात्र चालू, 'नैसर्गिक आहे' म्हणून. युरिक अ‍ॅसिड ज्यापासून बनतं त्या प्युरीनने, ते डाळी-पालेभाज्यांतलं असेल तर, गाऊटचा (युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या या सांधेदुखीचा) धोका वाढलेला मोठ्या पाहण्यांत दिसलेला नाही. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. तो लिव्हरमध्ये मोडताना युरिक अ‍ॅसिड तयार होतं आणि जादा फ्रुक्टोजची तिथेच चरबी होते. गुळातही मुख्यतः साखरच, त्यामुळे गुळाचा चहा ही पळवाट नाही. तोडायचंच असेल तर कोल्ड्रिंक, बिअर आणि कलेजी तोडा. तारली, सुकट कमी करा.

वजन उतरवायला कडकडीत उपास धरणं ही आणखी एक चूक. उपासात चरबी जळताना वाढलेले कीटोन युरिक अ‍ॅसिडची बाहेरची वाट अडवतात आणि अंगठा पुन्हा पेटतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. सात ते दहा टक्के वजन घटलं तर लिव्हरची सूजही उतरू शकते.

दुखणं ऐन भरात असताना युरिक अ‍ॅसिड कधीकधी नॉर्मल येतं. तेवढ्यावरून 'गाऊट नाही' म्हणू नका, दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. अ‍ॅलोप्युरिनॉल ही युरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत गाऊटचा झटका येऊ शकतो, कारण सांध्यात साठलेले युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक विरघळत असतात. नेमकी तेव्हाच लोक गोळी सोडतात. युरिक अ‍ॅसिडचं साधारण लक्ष्य सहाच्या खाली.

मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणि जोडीला गुळवेलीचा काढा, हे तर नकोच. कोविडच्या काळात गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवले आहेत. बीपीची गोळी चालू असेल तर तिची पट्टी डॉक्टरांना दाखवा. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी युरिक अ‍ॅसिड चढतं. ती बदलता येते, पण स्वतःहून बंद करू नका.