बोका वाळूत बसून कुंथतोय?

बोका दर पाच मिनिटांनी ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो आणि वाळू मात्र कोरडीच. आपल्याला वाटतं, पोट साफ होत नाही. (आमच्याकडेही आधी इसबगोलच झालं होतं.) पण नर मांजरात ही लघवी तुंबल्याची खूण असू शकते. त्याची मूत्रनलिका इतकी अरुंद, की बारीक खड्यांनीही बुजते. मग रक्तात पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. म्हणून सकाळची वाट पाहू नका. पोट दाबून बघू नका. माणसांची वेदनाशामकं तर अजिबात नकोत, पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. निघताना दवाखान्यात फोन करून विचारा, ‘आत्ता कॅथेटर (लघवी मोकळी करायची बारीक नळी) घालणारे डॉक्टर आहेत का?’ शेवटची लघवी कधी झाली, तेही सांगा.