शाळेची बस सुटण्याआधी काय तपासायचं

शाळेच्या बसांची देखरेख माझ्याकडे आहे. सकाळी मी आधी मागे जाते, संकटकाळी बाहेर पडायच्या दाराकडे. ते आतून उघडा, मग बाहेरूनही. खटका एका हाताने, जोर न लावता फिरलाच पाहिजे. दारासमोर दप्तरांचा ढीग दिसला तर आधी तो हलवा. अडवलेलं दार मी बंद दारच धरते.

अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा, पिन आणि सील शाबूत हवं. ते ड्रायव्हरच्या हाताशी असावं, सीटखाली कोंबलेलं नको. प्रथमोपचार पेटीतल्या तारखा वाचा.

आता पाट्या. पिवळ्यावर काळी अक्षरं ही पद्धत 1939 मध्ये अमेरिकेत ठरली, कारण पहाटेच्या अंधुक उजेडातही ती ठळक दिसतात. म्हणून ‘स्कूल बस’ पुढे-मागे दोन्हीकडे हवं, आणि धुतलेलं! चिखलाने झाकलेली पाटी काय कामाची? परावर्तक पट्ट्या रात्री टॉर्च मारून बघा. फिकट पडलेल्या लगेच बदला. लुकलुकणारे दिवे दुसऱ्या माणसाला बाहेर उभं करूनच तपासा.

फेरी संपली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जा, सीटखाली वाका. झोपलेलं मूल आरशात दिसत नाही.