राहायला जाण्याच्या दिवसाचं इंग्रजी घरीच कसं पक्कं करावं

माझी भाची गेल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॉलेजला गेली. बारावीला इंग्रजीत चांगले गुण होते. पहिल्याच संध्याकाळी रूममेटने खिडकीला हात लावून विचारलं, "डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?" हिने हसून सांगितलं, "येस, येस!" ती मुलगी मुकाट्याने मागे सरकली. ‘माइंड’ म्हणजे हरकत आहे का. भाचीने चक्क "आहे" म्हणून टाकलं होतं. अशा वेळी "नो, गो अहेड" म्हणायचं, हे तिला माहीत होतं. वहीत होतं ते, तोंडात नव्हतं.

म्हणून बाहेर शिकायला निघालेल्या मुलांना मी सांगते, शब्दांच्या याद्या काही दिवस बाजूला ठेवा आणि राहायला जाण्याच्या दिवसाचे पाच-सहा प्रसंग घोटून घ्या.

१. प्रसंग निवडा. बॅगा घेऊन इमारतीच्या दारात पोचलात, तिथून सुरुवात करा. किल्ली, खोली, रूममेट, जेवणाचा हॉल, कपडे धुण्याचं मशीन. शब्द तिथलेच घ्या. ‘होस्टेल’ म्हटलं की अमेरिकेत लोकांना प्रवाशांची स्वस्तात उतरायची जागा आठवते. राहण्याच्या इमारतीला तिथे डॉर्म किंवा रेसिडेन्स हॉल म्हणतात, ब्रिटनमध्ये नुसतं हॉल्स. अमेरिकेत ‘फर्स्ट फ्लोअर’ बहुतेक ठिकाणी तळमजलाच असतो. आपण ‘शिफ्ट होतोय’ म्हणतो, तिथे "आय अ‍ॅम मूव्हिंग इन टुडे".

२. आधी मराठीत लिहा, मग अदब शोधा. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. आपली अदब क्रियापदातच असते: दे, द्या, द्याल का. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळ्यांना एकच ‘यू’, त्यामुळे अदब वाक्याच्या सुरुवातीला आणून बसवावी लागते. "गिव्ह मी द की, प्लीज" व्याकरणात बसतं, पण कानाला "किल्ली दे बघू" असं लागतं. त्याऐवजी "हाय, आय अ‍ॅम हिअर टु चेक इन. कुड आय गेट माय की?" मुलं उद्धट नसतात, पण उद्धट ऐकू येतात, आणि हे त्यांना कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. ‘कुड आय’, ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’ या तीन सुरुवातींवर निम्मा दिवस निभावतो.

३. समोरच्याचं बोलणंही लिहा. आपण प्रश्न पाठ करतो आणि उत्तर आलं की गोंधळतो. अमेरिकेत मजल्यावर आर.ए. असतो, म्हणजे मजल्याची काळजी घेणारा, बहुधा वरच्या वर्गातला विद्यार्थी. त्याच्याशी असं बोलणं होईल:

"एक्सक्यूज मी, आर यू द आर.ए. फॉर धिस फ्लोअर?"
"येप, व्हॉट्स अप?"
"द की टर्न्स, बट द डोअर वोन्ट ओपन."
"पुल इट टुवर्ड्ज यू, देन टर्न."

इथे ‘व्हॉट्स अप’ म्हणजे ‘बोल, काय झालं?’ खोलीत गेल्यावर टेबलाला आधीचीच चीर दिसली तर तेही लगेच सांगा: "देअर वॉज ऑलरेडी अ क्रॅक इन द डेस्क." बऱ्याच ठिकाणी खोलीच्या अवस्थेचा फॉर्म भरून घेतात, त्यात ती चीर लिहिली नाही, तर खोली सोडताना भरपाई मागू शकतात.

४. मोठ्याने बोला, फोनवर रेकॉर्ड करा. आपला ‘व’ एकच, इंग्रजीत दोन. ‘व्हेंट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, ‘विंडो’ म्हणताना ओठ गोल झाले पाहिजेत. आरशासमोर पाच मिनिटं पुरतात.

५. आपल्या घरचे प्रसंग जोडा. तयार संवादांत हे सापडत नाहीत. कुकर, निरांजन आणि उदबत्ती बॅगेत भरण्याआधी विचारायला शिका: "इज अ राइस कुकर अलाउड इन द रूम?" उदबत्ती आणि उघडी ज्योत बहुतेक डॉर्ममध्ये चालत नाही, तेव्हा नकार ऐकायची तयारी ठेवा आणि पुढचा प्रश्न हाताशी ठेवा: "इज देअर सम प्लेस ऑन कॅम्पस व्हेअर आय कॅन लाइट अ लॅम्प?" सामायिक स्वयंपाकघरात फोडणीच्या धुराने अलार्म वाजला तर सगळी इमारत खाली उतरते. "आय अ‍ॅम सो सॉरी, आय वॉज फ्राइंग स्पायसेस," हे वाक्य आधीच तोंडात बसलेलं बरं. चादरी घेतानाही विचारून घ्या, कारण डॉर्मची गादी बहुधा ‘ट्विन एक्सएल’ म्हणजे जास्त लांबीची एकेरी असते, ८० इंच लांब. साधी ट्विन ७५ इंचांची, तिची चादर पुरत नाही.

६. प्रसंग मुद्दाम बिघडवा. यंदा भाचीच्या भावाची तयारी चालू आहे. रविवारी माझी ताई आर.ए. झाली, घराच्या किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दारात उभी राहिली आणि न ठरवताच म्हणाली, "सॉरी, आय कान्ट फाइंड युअर नेम ऑन द लिस्ट." तो गप्प. त्याच्या नावात वडिलांचं नाव मधे, आडनाव शेवटी; यादीत नेमकं काय कुठे गेलं असेल याचा विचार करत तो बॅगेचा पट्टा पिळत राहिला. मग म्हणाला, "कुड यू ट्राय माय फादर्स नेम? इट्स माय मिडल नेम." ताईने किल्ल्या त्याच्या हातावर ठेवल्या.