नावापत्त्यासह नोटिसा डिजिटल मशीनवर छापताना

सांगलीतील एखाद्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस प्रत्येक सभासदाच्या नावापत्त्यासह डिजिटल मशीनवर छापायची असेल, तर खरे काम एक्सेलच्या यादीतच असते. पत्त्याचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्यावा, कारण घर क्रमांक इंग्रजी आकड्यांत ५/१२ असा टाइप करताच एक्सेल त्याची तारीख करून टाकते आणि ती चूक थेट पोस्टमनच्या हातात जाते. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात आणावा. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधील डेटा मर्जमध्ये, म्हणजे यादीतील नावे-पत्ते नोटिशीत आपोआप भरणाऱ्या सोयीत, रकाने जोडल्यावर सर्वांत लांब पत्ता चौकटीत बसतो का, हे आवर्जून पाहावे. जोडाक्षरे तुटत असतील, तर इनडिझाइनमधील वर्ल्ड-रेडी कंपोझर हा देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय निवडावा. यादी पिनकोडनुसार लावावी, म्हणजे सांगली ४१६४१६ आणि मिरज ४१६४१० यांचे गठ्ठे वेगळे निघतात. प्रत्येक प्रतीवर बारीक अनुक्रमांक हवाच. मध्येच कागद अडकला, तर नेमकी कोणती नोटीस पुन्हा काढायची, हे त्यावरूनच कळते.