प्रिंटरची स्वस्त शाई घेताना या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत झाकून ठेवलेले घरगुती प्रिंटर शाळा उघडताच पुन्हा सुरू होतात आणि त्याच आठवड्यात आमच्या सुदामा नगरातील ओळखीची मंडळी पट्टे उमटलेले कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागतात. मी दुरुस्तीचा व्यवसाय करत नाही; बरीच वर्षे घरच्या प्रिंटरमध्ये स्वतः शाई भरत आलो आहे, एवढीच माझी पात्रता. "काका, सर्वांत स्वस्त शाई कोणती?" हा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, आणि "तुमच्या प्रिंटरचे हेड कुठे आहे?" हा माझा उलट प्रश्नही ठरलेला असतो. त्याचे उत्तर न देता आल्यामुळे अनेकांना राग येतो, परंतु पहिली आणि सर्वांत महाग चूक हीच आहे.

शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर सोडणारा भाग म्हणजे हेड. एचपीचे ८०३ किंवा ६८२, कॅननचे पीजी-७४५, अशा कार्ट्रिजमध्ये, म्हणजे शाईच्या बदलत्या डबीत, हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. मागच्या बाजूला तांबूस ठिपक्यांची पट्टी आणि तळाशी छिद्रांची चकती दिसली, की ओळखावे. अशा यंत्रात हलक्या दर्जाची शाई भरून हेड बिघडले, तरी नुकसान एका कार्ट्रिजचे होते. याउलट एप्सनच्या एल३११० किंवा एल३२१० यांसारख्या, बाटलीतून शाई ओतायच्या टाकीच्या प्रिंटरांत हेड यंत्रातच बसवलेले असते आणि ते गेले, तर बाटलीमागे वाचवलेले शे-दोनशे रुपये कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. कॅननच्या जी मालिकेतील हेड काढून बदलता येते, मात्र तेही स्वस्तात मिळत नाही. म्हणून कार्ट्रिजच्या यंत्रात मी खुशाल प्रयोग करतो, टाकीच्या यंत्रात करत नाही.

दुसरी चूक म्हणजे काळी शाई सगळी सारखीच असते, असे समजणे. शाई मुख्यतः दोन प्रकारची असते. डाय शाईत रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, तर पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. पिगमेंटची अक्षरे अधिक गडद उमटतात आणि पाण्याने सहसा पसरत नाहीत, म्हणून दुकानदार ती "जास्त चांगली" म्हणून पुढे करतो. ती चांगली आहेच, फक्त ज्या यंत्रासाठी बनवली आहे त्या यंत्रात. एप्सनच्या ००३ या बाटल्यांच्या संचात चारही रंग डायचे आहेत. कॅननच्या जीआय-७९० मध्ये काळा पिगमेंटचा आणि बाकीचे तीन डायचे आहेत. दोन्ही प्रकार एकाच टाकीत मिसळले, तर शाईत गुठळ्या होऊन छिद्रे बुजू शकतात.

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या तोंडावर आमच्या मंडळाच्या दोनशे कार्यक्रमपत्रिका घरीच छापण्याचे मी मान्य केले. काळी शाई निम्म्यावर आली होती. माझा भाचा शहरातील एका दुकानातून "सर्व मॉडेलांना चालणारी" बाटली घेऊन आला आणि मी कामात असताना त्याने ती उरलेल्या शाईवर ओतूनही टाकली. पहिल्या चाळीस पत्रिका इतक्या सुरेख निघाल्या, की त्याने मला जुन्या विचारांचा ठरवले. दुसऱ्या दिवशी अक्षरांत पांढऱ्या रेघा आल्या. त्याने लागोपाठ सात वेळा हेड क्लीनिंग केले, काळा रंग पूर्ण बंद झाला आणि मग बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले, तेव्हा त्यावर पिगमेंट असे स्वच्छ लिहिलेले होते. नव्या हेडचा खर्च ऐकून आम्ही प्रिंटरच बदलला आणि उरलेल्या पत्रिका राजवाड्याजवळून झेरॉक्स करून आणल्या. दोष मी दुकानदाराला देत नाही; बाटली आम्ही वाचली नव्हती.

त्या सात क्लीनिंगविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण अधीर माणसाला ते बटण औषधासारखे वाटते. प्रत्येक क्लीनिंगमध्ये चांगली शाई हेडमधून ओढून आतल्या टाकाऊ शाईच्या पॅडमध्ये सोडली जाते आणि ते पॅड भरत आले, की यंत्र छपाई थांबवून सेवाकेंद्राचा रस्ता दाखवते. माझी सवय अशी आहे की आधी नोझल चेकचे, म्हणजे कोणती छिद्रे बुजली ते दाखवणारे पान काढायचे, मग एक क्लीनिंग, पुन्हा पान, फार तर आणखी एक क्लीनिंग. त्यानंतर प्रिंटर बंद करून रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी निम्म्या तक्रारी आपोआप मिटलेल्या असतात. तेवढा धीर नसलेल्यांनी घरी शाई भरण्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्ट्रिज पूर्ण कोरडे होईपर्यंत छापत राहणे ही सिरिंजने भरणाऱ्यांची आवडती चूक आहे. एचपी आणि कॅननचे हेड शाई तापवून थेंब फेकते. शाईच नसेल, तर ते जळते. अक्षरे फिकट होताच भरावे, शाई सावकाश सोडावी आणि एक कार्ट्रिज तीन-चार वेळांपेक्षा जास्त भरण्याची अपेक्षा ठेवू नये.

एचपीच्या काही मॉडेलांत दुसऱ्या कंपनीच्या चिपची कार्ट्रिजे नाकारण्याची व्यवस्था असते. २०१६ मध्ये अनेक ग्राहकांची चालू कार्ट्रिजे त्यामुळे अचानक बंद पडली होती. कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेले कार्ट्रिज घेताना परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी.

खोक्यावरील पानांचा आकडा प्रमाणित चाचणी-पानांवर मोजलेला असतो. मुलांच्या प्रकल्पातील पानभर छायाचित्रांना तो लागू होत नाही. एक लिटरची बाटली स्वस्त पडते, परंतु महिन्याला तीस पाने छापणाऱ्या घरात ती संपत नाही. चुकीच्या टाकीत रंग ओतला गेला, तर प्रिंटर सुरू करू नये.

आता आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्याविषयी. एप्रिल-मे महिन्यांत शाई छिद्रांच्या तोंडाशीच वाळते, मग ती ओरिजिनल असो वा स्वस्त. म्हणून दर रविवारी मी चारही रंग असलेले एक पान काढतो. शिवाय वीज वाचवण्याच्या चांगल्या सवयीपोटी अनेक घरांत प्रिंटर थेट भिंतीवरच्या बटणाने बंद केला जातो, आणि छपाई चालू असताना तसे केले, तर हेड आपल्या जागी जाऊन झाकले जात नाही, उघडेच वाळत राहते. आधी प्रिंटरचे स्वतःचे बटण दाबावे, आतली घरघर थांबू द्यावी आणि मगच भिंतीवरच्या बटणाला हात लावावा. माझा भाचा अजूनही ती घरघर थांबेपर्यंत उभा राहत नाही.